ओंडका ते फळी : आरागिरणीतील लाकडाचा प्रवास आणि भुंगेऱ्यांची संधी

गेल्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातील सौंसर भागातून एक संत्रा-बागायतदार आमच्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी स्टीलची एक लहान डबी उघडून टेबलावर ठेवली. डबीत चमचाभर पिवळसर भुकटी होती. बोटांत चोळून पाहिली, तर गव्हाच्या पिठाहून मऊ, जराही कण न लागणारी. बांधावरील सतरा वर्षांच्या सागाचे ओंडके आरागिरणीत चिरून घेऊन त्यांनी मुलाच्या नव्या घरासाठी सात चौकटी करवल्या होत्या. दिवाळीत चौकटी बसल्या आणि उन्हाळा लागताच त्यांतून ही भुकटी गळू लागली. "साग आहे साहेब. सागाला भुंगा कसा लागेल? काय फवारायचं तेवढं सांगा," असे त्यांचे म्हणणे होते.

फवारणीचे औषध सांगणे अवघड नव्हते. मात्र चौकटींवर पॉलिश झालेले होते आणि पॉलिशने लाकडाची छिद्रे बुजल्यावर या किडीच्या मादीला सहसा अंडी घालता येत नाहीत. म्हणजे अंडी त्यापूर्वीच, फळ्या उघड्या पडून असताना घातली गेली होती. कीड कोठून आली हे शोधायचे, तर घराकडून मागे सुतारशाळेकडे, तेथून आरागिरणीकडे आणि शेवटी बांधावरील तोडीपर्यंत जावे लागते. राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण २०१४ मध्ये जाहीर झाल्यापासून शेतकऱ्यांना झाडे लावण्याविषयी आपण पुष्कळ सांगितले आहे. झाड तोडल्यानंतर काय करावे याविषयी मात्र विस्तार साहित्यात फारच थोडे आढळते. त्यामुळे या लेखात आरागिरणीचे काम एका कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेने मांडत आहे.

पांढरे लाकूड आणि गाभा

कोणत्याही ओंडक्याचे कापलेले टोक पाहिले, तर सालीच्या आत फिकट रंगाचे कडे आणि त्याच्या आत गडद गाभा दिसतो. फिकट भागास रसकाष्ठ म्हणतात. झाड जिवंत असताना पाणी वर चढते ते याच भागातून, आणि झाड आपले राखीव अन्न पिष्टाच्या रूपात साठवते तेही येथेच. गाभा म्हणजे मध्यकाष्ठ. त्यातील पेशी मेलेल्या असतात, पिष्ट संपलेले असते आणि झाडाने तेथे निरनिराळी विषारी व रंगीत द्रव्ये भरलेली असतात. सागाची कीर्ती आहे ती या गाभ्याची. सागाचे पांढरे लाकूड किडीच्या दृष्टीने आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडापेक्षा फारसे निराळे नाही.

डबीतील भुकटी करणारा भुंगेरा लिक्टस या प्रजातीतील होता. तीन ते सहा मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, चपटा आणि दिसायला क्षुल्लक असा हा कीटक आहे. मादी अंडी घालण्यापूर्वी लाकूड चक्क चावून पाहते आणि पिष्ट पुरेसे नसेल तर पुढे निघून जाते. पिष्ट असले, तर लाकडातील उघड्या रसवाहिन्यांच्या तोंडातून लांबट अंडनलिका आत सरकवून ती अंडी घालते. त्यामुळे रुंद छिद्रांची पानझडी लाकडेच तिच्या उपयोगाची ठरतात. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी लाकडांत तशा वाहिन्याच नसतात, म्हणून त्यांना लिक्टस लागत नाही. गाभाही ती सोडून देते.

आता थोडे गणित करू. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यात सालीकडून तीन सेंटिमीटर रसकाष्ठ असेल, तर गाभ्याचा व्यास चौदा सेंटिमीटर उरतो आणि गाभा एकूण छेदाच्या ४९ टक्के भरतो. चाळीस सेंटिमीटरच्या ओंडक्यात रसकाष्ठ तेवढेच तीन सेंटिमीटर असले, तर गाभा ७२ टक्के होतो. बांधावरील किंवा विरळणीतून निघालेला साग बारीक असतो. त्यातून निघणारे निम्मे लाकूड केवळ नावाचा साग असते. शेतकरी ते सागाच्या विश्वासाने घरात लावतो.

तोड आणि गिरणी यांच्यामधले दिवस

झाड पडताक्षणी घड्याळ सुरू होते. ओल्या लाकडाच्या वासावर सर्वांत आधी येतात ते सूक्ष्म छिद्रे पाडणारे अँब्रोसिया भुंगेरे. पावसाळी दमट हवेत ते एक-दोन दिवसांत ओंडक्यावर दिसू लागतात. ते लाकूड खात नाहीत. आपल्याबरोबर आणलेल्या बुरशीची बोगद्याच्या भिंतींवर शेती करतात आणि ती बुरशी खातात. (कीटकांनी शेती माणसाच्या कितीतरी आधी सुरू केली, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी मौज वाटते.) त्यांची छिद्रे टाचणीच्या टोकाएवढी, आतून काळी पडलेली आणि भुकटीविना मोकळी असतात. लाकूड वाळले की बुरशी मरते आणि किडीचा मुक्काम संपतो. अशी फळी दिसायला वाईट असली, तरी घरात पुढे पसरणारी कीड तिच्यात नसते.

दुसरी टोळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची. यांतील बहुतेक जाती सालीच्या फटींत अंडी घालतात. अळ्या आधी सालीखाली आणि नंतर लाकडात शिरतात. सालवृक्षाचा होप्लोसेरॅम्बिक्स हा यांतील सर्वांत कुप्रसिद्ध. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील सालवनांत त्याचा मोठा उद्रेक झाला होता. त्याच्या नियंत्रणाची जुनी पद्धत आपल्या विषयाशी जवळची आहे. सालाचे ताजे ओंडके तोडून, ठेचून जंगलात ठेवतात. रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात आणि मग त्यांना वेचून मारतात. तोडलेला ओंडका हा किडीसाठी सापळ्यातील आमिषासारखा असतो, याचा हा वनखात्याने वर्षानुवर्षे वापरलेला पुरावा आहे. आपल्या शेतात पडलेला ओंडकाही तेच काम करीत असतो, फक्त तेथे भुंगेरे वेचायला कोणी नसते.

म्हणून पहिली सूचना कागदपत्रांची. तोडीची व वाहतुकीची परवानगी लागणारी झाडे राज्याराज्यांत वेगळी आहेत. परवानगी हातात येण्याआधी कुऱ्हाड लावू नये आणि गिरणीचा दिवस ठरल्याखेरीज तोडीचा दिवस ठरवू नये. परवान्याची वाट पाहत दोन महिने बांधावर पडलेले लाकूड मी पुष्कळ पाहिले आहे. किडीने केलेल्या नुकसानीचा मोठा भाग त्या दोन महिन्यांतला असतो.

तोडीनंतर साल काढावी की ठेवावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. साल काढल्याने लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना अंडी घालायला जागा राहत नाही आणि पृष्ठभाग लवकर सुकल्याने अँब्रोसिया भुंगेरेही कमी येतात. परंतु उन्हात ठेवलेला सोललेला ओंडका झपाट्याने तडकतो. माझे मत असे की आठवड्याभरात चिराई होणार असेल, तर साल राहू द्यावी. त्याहून उशीर होणार असेल तर साल काढावी, ओंडके सावलीत दगडांवर किंवा लाकडांवर उचलून ठेवावेत आणि दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड ऑइलपेंट लावावा. ओंडक्याचे पाणी टोकांतून सर्वाधिक वेगाने उडते आणि तडे तेथूनच सुरू होतात. नीलगिरीत ही अडचण अधिक. तिच्या खोडात वाढीचे ताण साठलेले असतात, त्यामुळे तोडल्याबरोबर टोके फाकतात आणि चिरतानाही फळी करवतीपासून वाकून निघते.

ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे. कोझिकोडच्या कल्लायी नदीत लाकडाच्या व्यापाऱ्यांचे ओंडके तरंगत असत. पूर्ण बुडालेल्या लाकडात भुंगेरा शिरू शकत नाही, आणि दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडातील, विशेषतः बांबूतील, पिष्ट घटते. अर्धवट बुडालेल्या ओंडक्याचा वरचा भाग मात्र उघडाच राहतो.

करवतीखाली

गिरणीत पहिला व्यवहार मोजमापाचा. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत ओंडक्याच्या मध्याचा घेर घेऊन त्याचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. साठ सेंटिमीटर घेर आणि तीन मीटर लांबी असेल, तर ०.१५ गुणिले ०.१५ गुणिले ३, म्हणजे ०.०६७५ घनमीटर, साधारण २.४ घनफूट होतात. खरे घनफळ ०.०८६ घनमीटर असते. या सूत्राने ओंडका मुळातच २१ टक्क्यांहून थोडा अधिक कमी मोजला जातो. ही फसवणूक नाही. सालीकडच्या गोलाकार भागाचे नुकसान आधीच धरून केलेला तो हिशोब आहे. मात्र हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याने "घट" म्हणून आणखी कपात मान्य करताना विचार करावा.

ओंडका लोखंडी रुळांवरील ट्रॉलीवर आवळून पट्टाकरवतीसमोर नेतात. पहिला काप सालीकडची पाठ काढतो. ओंडका फिरवून दुसरी, तिसरी आणि चौथी बाजू घेतली की चौकोनी ठोकळा तयार होतो. नंतर त्याच्या फळ्या, पट्ट्या किंवा चौकटीचे दांडे पाडतात, कडा सरळ करतात आणि टोके छाटतात. करवतीचे पाते स्वतः किती लाकूड खाते हेही पाहण्यासारखे आहे. पट्टाकरवतीचा काप साधारण दोन-तीन मिलिमीटरचा असतो, गोल करवतीचा त्याच्या दुपटीच्या आसपास. दहा कापांत तीन मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटर गेले, तर वीस मिलिमीटर लाकूड, म्हणजे जवळजवळ एक फळी, भुशात जाते. साल, पाठी, भुसा आणि छाट वजा जाता बारीक ओंडक्यातून हाती येणारे चिरीव लाकूड बहुधा निम्म्याच्या आसपासच असते.

येथे बांधावरच्या झाडांची एक खोड सांगितली पाहिजे. कुंपणाची तार ठोकण्यासाठी मारलेले खिळे लाकूड गिळून टाकते. बाहेरून काही दिसत नाही. पाते त्यावर गेले की दात उडतात, प्रसंगी पाते तुटते आणि कामगाराच्या जिवावर बेतते. गिरणीमालक बांधावरच्या लाकडाला कमी भाव देतात त्यामागे हेही एक कारण आहे. झाडाला तार थेट ठोकू नये आणि जुने खिळे असलील तर गिरणीत आधीच सांगावे.

ओंडका कसा चिरायचा हे बहुतेक वेळा मिस्त्री ठरवतो आणि त्याचे लक्ष जास्तीत जास्त नग काढण्याकडे असते. आरपार समांतर फळ्या पाडणे सर्वांत सोपे आणि कमी नासाडीचे. परंतु लाकूड सुकताना वर्तुळाकार वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच केंद्राकडून सालीकडे आकसते. म्हणून कडेच्या फळ्या सुकताना पन्हळीसारख्या वळतात. केंद्राकडून सालीकडे जाणारा काप घेतला तर फळी सरळ राहते, पण त्यासाठी ओंडका जाड असावा लागतो आणि वेळही अधिक लागतो. बारीक ओंडक्यात हा पर्याय जवळजवळ नसतोच. तेथे मधल्या भेंडातून जाणारा दांडा वेगळा काढून कमी महत्त्वाच्या कामाला वापरावा, कारण तो हमखास तडकतो.

किडीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. चौकटीच्या दांड्याला पांढरी कड राहू द्यायची की नाही? त्या बागायतदारांच्या सातही चौकटींच्या एका कडेला बोटभर पांढरे लाकूड होते. पांढरी कड पूर्ण छाटली असती, तर सातऐवजी कदाचित चारच चौकटी निघाल्या असत्या. त्यांनी नग वाढवून घेतले आणि गिरणीनेही काही सांगितले नाही. यात दोष कोणा एकाचा म्हणता येणार नाही. पांढरे लाकूड फेकून द्यावे असेही मी म्हणणार नाही. ते वापरायचे असेल तर त्याच्यावर प्रक्रिया करावी लागते, आणि ती सुकण्यापूर्वी करावी लागते.

केरळच्या रबराचा दाखला

रबराच्या झाडाचे लाकूड संपूर्ण पिष्टाने भरलेले, फिकट, आणि त्यात वेगळा गाभा म्हणावा असे काही नसते. लिक्टस, सायनोझायलॉन, हेटेरोबॉस्ट्रिकस असे भुंगेरे त्यावर तुटून पडतात आणि निळी बुरशी त्यांच्याही आधी येते. चीक काढून झालेली पंचवीस-तीस वर्षांची झाडे पूर्वी सरपणात जात. आज त्याच लाकडाचे फर्निचर देशभर विकले जाते. लाकडाच्या गुणधर्मात काही बदल झालेला नाही, बदलले ते वेळापत्रक. तोडीपासून काही दिवसांत ओंडका चिरला जातो, ओल्या फळ्या पोलादी टाकीत घालून निर्वात-दाब पद्धतीने त्यांत बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण भरले जाते आणि मगच त्या भट्टीत सुकवल्या जातात. हरियाणातील यमुनानगरच्या पोपलरचेही असेच आहे. शेतातून आलेला ओंडका ताजा असतानाच सोलून त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि लगेच सुकवतात.

भट्टीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. उष्णतेने आतील अळ्या मरतात. निर्यातीच्या खोक्यांच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय मानक गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे मागते ते त्यासाठीच. पण उष्णता लाकडात मागे काही ठेवून जात नाही. भट्टीतून निघालेली रसकाष्ठाची फळी दुसऱ्या दिवशी किडलेल्या ढिगाशेजारी ठेवली, तर मादीला ती नव्यासारखीच रुचते. लिक्टसला सुकलेलेच लाकूड लागते, हे येथे विसरू नये.

दाबटाकी गावात नसते. गावपातळीवर विसरण पद्धत शक्य आहे. साधारण दीड भाग बोरॅक्स आणि एक भाग बोरिक आम्ल एकत्र विरघळवतात. दोन्ही एकत्र असताना वेगवेगळ्यापेक्षा अधिक विरघळतात आणि पाणी गरम असेल तर आणखी. चिरल्या दिवशीच, ओल्या फळ्या या तीव्र द्रावणात बुडवून, ओल्या असतानाच एकमेकींवर अंतर न ठेवता रचून प्लॅस्टिकने हवाबंद झाकतात. लाकडातील पाणी हाच औषधाचा रस्ता असतो. एक इंच जाडीच्या फळीला साधारण तीन ते चार आठवडे द्यावेत आणि जाडी वाढेल तसा कालावधी बराच वाढतो. सुकलेल्या फळीवर वरून ब्रश मारल्याने हे होत नाही. नेमकी मात्रा लाकडाची जात व वापर यांनुसार ठरते. त्यासाठी भारतीय मानक ४०१ पाहावे, किंवा बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था अथवा डेहराडूनची वन अनुसंधान संस्था यांचा सल्ला घ्यावा. दोन पथ्ये मात्र येथेच सांगतो. बोरॉन पाण्यात विरघळत असल्याने पावसात उघड्या राहणाऱ्या खांबांना ते टिकत नाही, आणि द्रावण हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, उरलेले पिकाजवळ ओतू नये. बोरॉन थोडेही जास्त झाले की पिके करपतात.

त्यानंतरची सुकवण सावलीत करावी. जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि वर वजन. या पट्ट्या कोठल्याही सालट लाकडाच्या घेऊ नयेत. किडलेल्या पट्टीतून अख्खा ढीग किडलेला मी पाहिला आहे.

भुकटी काय सांगते

विस्तार कार्यकर्त्यांकडे शेवटी प्रश्न येतो तो घरातील फर्निचरचा. भुकटी पिठासारखी आणि छिद्रे एक-दोन मिलिमीटरची गोल असतील, तर लिक्टस समजावा. छिद्रे त्याहून मोठी आणि भुकटी जराशी दाणेदार असेल, तर बॉस्ट्रिकिड कुळातील भुंगेरे असण्याचा संभव जास्त. लंबवर्तुळाकार मोठी भोके आणि रात्रीच्या शांततेत लाकडातून करकर आवाज येत असेल, तर स्ट्रोमॅटियमचा संशय घ्यावा. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांतील ही जात वाळलेल्या लाकडातही अनेक वर्षे राहते. मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी, आणि तिचा उपाय अगदी वेगळा आहे. छिद्र असणे म्हणजे कीड चालू असणे नव्हे. लिक्टसचे छिद्र हे प्रौढ भुंगेरा बाहेर पडल्याची खूण असते, आणि तो निघून गेलेलाही असू शकतो.

त्या बागायतदारांना मी फवारा सांगितला नाही. सातही चौकटींखाली काळा कागद चिकटवून छिद्रांभोवती पेन्सिलने वर्तुळे काढायला सांगितली. तीन आठवड्यांनी त्यांनी फोटो पाठवले. ताजी भुकटी आणि नवी छिद्रे दोनच चौकटींत होती, आणि दोन्हींत ती फक्त पांढऱ्या कडेला. त्या दोन चौकटी काढून सुताराकडून पांढरी कड रंध्याने पूर्ण उतरवली आणि तेवढ्या रुंदीची गाभ्याची पट्टी जोडून घेतली. उरलेल्या पाच चौकटींवर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लक्ष ठेवायचे ठरले आहे. त्यांच्या बांधावर अजून अकरा झाडे उभी आहेत. त्यांच्या तोडीआधी त्यांनी गिरणीकडून दिवस लिहून घेतला असून पांढऱ्या कडेच्या फळ्या वेगळ्या रचून ठेवण्याविषयी मिस्त्रीशी बोलणे केले आहे.